छत्तीस पत्ते : खानापुरातल्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

आमचं खानापूर कर्नाटकातलं, बेळगाव जिल्ह्यातलं. वाचनालयाच्या माडीवर अकरा पोरं. पाऊस असा की कौलांवरचा आवाज ऐकत तिप्पट मोठ्यानं बोलावं लागलं. ठरलं ते असं : बाजारातल्या पत्त्यांसारखा आपला स्वतःचा पत्त्यांचा खेळ करायचा, अद्भुत प्राण्यांचा. गणपतीपर्यंत छापून हातात पाहिजे.

फळ्यावर आवडत्यांची यादी मागितली. डोरेमॉन, पिकाचू, छोटा भीम, तो काळा ड्रॅगन टूथलेस, निळे स्मर्फ. पाच मिनिटांत फळा भरला. मग म्हटलं, आता आपल्याकडचे सांगा. सगळे गप्प. शेवटी एक बारकी म्हणाली, "अक्का, मुंजा चालतोय का?" चालतोय की. मग हडळ आली, तिचे उलटे पाय आले, वेताळ आला, आणि खडू संपला.

कागद माझ्याकडचाच. मी दिवसभर डीटीपीवर लग्नपत्रिका करते. चूक निघालेल्या पत्रिकांचा गठ्ठा दुकानात पडूनच असतो. पाठ कोरी, पुठ्ठा जाड. तो कापून साठ पत्ते वाटले. माप ६३ बाय ८८ मिलिमीटर, पोकेमॉनच्या पत्त्यांचं हेच असतं. एका पत्त्यावर मागून "शुभविवाह" अर्धाच दिसतोय. असू दे.

१५ जून, रविवार

पहिला डाव. दोन मिनिटांत मोडला.

कारण सरळ होतं. प्रत्येकानं आपल्या प्राण्याचं बळ स्वतः लिहिलं होतं. पहिल्यानं १००, दुसऱ्यानं १०,०००, तिसऱ्यानं एकावर इतकी शून्यं दिली की शेवटची दोन पत्त्याच्या कडेवर चढली. चष्मेवाल्यानं शांतपणे "अनंत" लिहिलं. त्यावर दुसरा म्हणाला, "माझं अनंत अधिक एक." मग मारामारी. माडीवरून खाली ग्रंथपालकाकांचा आवाज आला तेव्हा थांबली.

घरी येऊन ते पत्ते परत पाहिले. चित्रं झकास आहेत. पण एकही प्राणी लक्षात राहत नाही. सगळ्यांना पंख, सगळ्यांच्या तोंडातून आग, सगळे अजिंक्य. साठांतल्या कुणाला काय होतं, हे विचारलं तर सांगता येत नाही.

२२ जून, रविवार

आज खेळ नाही, नुसत्या गप्पा. विचारलं, डोरेमॉन का आवडतो? मला वाटलं पोटावरच्या खिशाचं नाव निघेल. निघालंही. पण चौथीतला पोरगा म्हणाला, "उंदराला भितोय की ते. मांजर असून." आणि सगळे हसले.

तिथं गाडी रुळावर आली. डोरेमॉन बाविसाव्या शतकातला यंत्रमांजर, जन्म ३ सप्टेंबर २११२. त्याचे कान उंदरानं कुरतडले म्हणून तो बिनकानी, म्हणून त्याला उंदराची दहशत. उंची १२९.३ सेंटिमीटर, वजनही १२९.३ किलो, हे चष्मेवाल्याला पाठ. (पाढे विचारले की हाच खिडकीबाहेर बघतो.) १९६९ च्या डिसेंबरपासून हे पात्र चाललंय. खिशातून काय वाटेल ते काढणारं पात्र खरं तर कंटाळवाणं व्हायला पाहिजे होतं. ते झालं नाही, कारण उंदीर दिसला की सगळे चमत्कार बाजूला राहून ते पळत सुटतं.

मग एकेकाची उणीव हुडकायला लागलो. टूथलेसच्या शेपटीचा अर्धा पंख गेलेला, त्यामुळे माणूस पाठीवर बसून कळ दाबल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. २००१ च्या 'मॉन्स्टर्स, इंक.' मधले राक्षस पोरांना घाबरवून त्यांच्या किंकाळ्यांवर शहराची वीज चालवतात, आणि स्वतः मात्र पोराचा हात लागला तर मरू म्हणून थरथरतात. भीमाचं बळ लाडवावर अडलेलं. पिकाचूची वीज जमिनीच्या जातीच्या पोकेमॉनवर चालतच नाही. कितीही कडाडू दे, शून्य.

फळ्यावर उण्यांची यादी बळाच्या यादीपेक्षा लांब झाली. आणि ही पोरांना न बघता सांगता येत होती.

२४ जून, रात्री

लाईट नाही. मेणबत्तीवर तक्ता आखला.

बळाचे आकडे पोरांच्या हातातून काढून घ्यायचे. प्रत्येक पत्त्यावर दोन खुणा : एक शस्त्र, एक उणीव. खुणा सहाच. आग, पाणी, भूक, भीती, भांडण, नक्कल. सहा शस्त्रं गुणिले सहा उणिवा, छत्तीस घरं. प्रत्येक घरात एक प्राणी, कोणतंही घर दोनदा नाही. शिवाय १ ते ६ असं बळ, पण तक्त्याच्या प्रत्येक आडव्या नि उभ्या ओळीत एक आकडा एकदाच, सुडोकूसारखं. म्हणजे कुठलंच शस्त्र मुळातून जड नाही.

डाव असा : एकानं पत्ता टाकायचा, दुसऱ्यानं त्यावर टाकायचा. माझं शस्त्र म्हणजेच तुझी उणीव असेल, तर बळ कितीही असो, तुझा पत्ता मेला. नाहीतर मोठा आकडा जिंकला. मेलेल्या पत्त्यामागे एक चिंचोका.

तक्त्याकडं बघताना एक गोष्ट उशिरा दिसली. कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी सहा घरं अशी आहेत की शस्त्र आणि उणीव एकच. आग–आग, भूक–भूक. ज्याचं बळ त्याच्याच मुळावर उठतं असे प्राणी. ही सहा घरं कोण भरतंय बघू.

६ जुलै

आषाढी. पोरं दिंडीत. काम बंद.

१३ जुलै, रविवार

घरं भरायला सुरुवात. आपल्या पुराणातली मंडळी बघता बघता बसली, जणू त्यांच्यासाठीच तक्ता आखला होता. रक्तबीजाचं रक्त जिथं सांडेल तिथं नवा रक्तबीज उभा, म्हणून शस्त्र भीती. पण चामुंडेनं ते रक्त जमिनीवर पडायच्या आत पिऊन टाकलं, म्हणून उणीव भूक.

भस्मासुरावर भांडण. शस्त्र आग, यावर एकमत. उणीव? कुंभारवाड्यातली पोरगी म्हणते, आग–आग, कारण स्वतःच्याच हातानं जळला. चष्मेवाला म्हणतो, मोहिनी नाचली तशी त्यानं नक्कल केली आणि हात डोक्यावर गेला, म्हणून नक्कल. अर्धा तास. शेवटी नक्कल ठरलं, कारण पोरीला तेवढ्यात आग–आगसाठी दुसरं सुचलं : काडेपेटीत राहणारा एकशिंग्या. शिंग घासलं की पेटतं, पण एकदाच, आणि त्यात तो स्वतःही जातो. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

भूक–भूक मी दिलं, तेवढाच माझा वाटा. कीर्तिमुख. शंकरानं राहूला गिळून टाकेल असा एक प्राणी उभा केला, राहू शरण आला, मग भुकेल्यानं खायचं काय? "स्वतःला खा." त्यानं शेपटीपासून सुरुवात केली आणि तोंड तेवढं उरलं. ते तोंड देवळाच्या दारावर बसलं. बारकीनं विचारलं, "मग पोट नाही तर जातंय कुठं?" उत्तर नव्हतं. पत्त्यावर तिनं तोंडाखाली बाण काढून प्रश्नचिन्ह टाकलंय. ठेवलं.

आणखी एक. डावात कीर्तिमुखानं रक्तबीजाला मारलं, भूक लागू पडली. पुराणात अशी गाठ कुठंच नाही. पण पोरांना ते एकदम पटलं.

२० जुलै, रविवार

पाऊस थोडा उघडला म्हणून हलशीला गेलो, एसटीनं. (लाल गाडीला इथं अजून एसटीच म्हणतात, पाटी काहीही असो.) भूवराह नरसिंहाचं देऊळ, बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंब राजांच्या काळचं. आत दोन गाभारे समोरासमोर. एकीकडं डुकराच्या तोंडाचा वराह, दुसरीकडं नरसिंह.

पोरं मध्ये उभी राहून दोन्हीकडं आळीपाळीनं बघत होती. चौथीतला म्हणाला, "समोरासमोर पत्ते टाकल्यागत आहे." त्याच्या मते डाव आठशे वर्षं अडलाय.

नरसिंहावरून हिरण्यकश्यपूचं निघालं. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, जनावराकडून नाही. पंधरा जूनला "अनंत" लिहिणाऱ्या चष्मेवाल्याला मी काही बोलले नाही. तो आपणहून म्हणाला, "उंबरठा राहिला त्याचा."

येताना गाडीत दोघांना ओकारी. चिंचोके मात्र भरपूर मिळाले.

३ ऑगस्ट, रविवार

गंडभेरुंड. यावर जास्त लिहायचंय.

दोन तोंडांचा पक्षी या पोरांना नवा नाही, पण त्यांनी तो कधी पाहिलेला नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावर, सरकारी कागदावर, कर्नाटकाच्या राजमुद्रेत मधोमध ढालीवर तोच आहे. दोन्ही बाजूंना गजकेसरी, धड सिंहाचं नि डोकं हत्तीचं, वर अशोकाचे सिंह. म्हैसूरच्या वडियारांच्या मुद्रेवरून तो इथं आला. माझ्या दुकानात रोज दहा दाखल्यांच्या झेरॉक्स निघतात. मीही कधी नीट बघितलं नव्हतं. आज भिंग घेऊन बसवलं सगळ्यांना. झेरॉक्सची झेरॉक्स असल्यानं पक्ष्याच्या जागी काळा डाग दिसत होता, पण दोन चोची दोन दिशांना, एवढं कळलं.

कथांमध्ये हा पक्षी हत्तींना चोचीत धरून उडतो. म्हणजे पुन्हा अजिंक्य. उणीव काय? तासभर कुणाला सुचेना. मग पंचतंत्रातला भारुंड पक्षी आठवला. पोट एक, तोंडं दोन. एका तोंडाला अमृतासारखं फळ मिळालं, दुसऱ्यानं मागितलं, पहिल्यानं दिलं नाही. "पोट तर एकच आहे, तुला काय फरक पडतो?" दुसऱ्यानं राग धरला, पुढं एकदा विषारी फळ दिसलं ते मुद्दाम खाल्लं, आणि दोघं मेले.

भारुंड आणि गंडभेरुंड एकच का, याची काथ्याकूट पंडितांनी करावी. आमच्या तक्त्यात भांडण–भांडण हे घर रिकामं होतं आणि हा त्यात चपखल बसला. दोन चोची म्हणून भांडणात कुणालाही भारी, आणि भांडणानंच मरतो.

चित्र कुंभारवाड्यातल्या पोरीचं. तिनं दोन्ही चोचींच्या मध्ये एकच पेरू काढलाय.

९ ऑगस्ट

आज कडू काम. छापायच्या संचातून टीव्हीवरची सगळी पात्रं काढली.

पोरांनी वहीत पिकाचू काढला तर कोण विचारतंय? पण छापून, पाकिटात घालून चार पैशांना विकायचं म्हणजे ती पात्रं ज्यांची आहेत त्यांच्या मालावर हात टाकणं. रोज मला दुकानात कुणीतरी सांगतं, "बारशाच्या बॅनरवर तो भीम टाका की." कधी टाकलाही आहे, खोटं कशाला बोलू. इथं नको. शिवाय त्यांच्याकडून शिकायचं ते शिकून झालंय.

पोरं रुसली. मी एवढंच म्हटलं : त्याचं घर तेच राहणार, भाडेकरू नवा आणा. डोरेमॉन नक्कल–भीती या घरात होता. त्या घरात आता शिट्टीवाघ आलाय. तो कुणाचाही आवाज काढतो, आईचा, मास्तरांचा, अगदी ग्रंथपालकाकांचा खोकलासुद्धा. एकच आवाज त्याला जमत नाही, कुकरच्या शिट्टीचा, म्हणून तो तिला भितो. तिसऱ्या शिट्टीला गाव सोडतो.

पिकाचू तर आधीच अडला होता, त्याची उणीव माती आणि आमच्या सहा खुणांत माती नाही. त्याच्या जागी टीसीखार. (विजेच्या ट्रान्सफॉर्मरला इकडं टीसी म्हणतात.) ती टीसीवर राहते, शेपटीनं ठिणग्या पाडते, लाईट गेली की उपाशी. आग–भूक. या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली टीसीखार आठवड्यातून चार दिवस उपाशी होती.

मला विचाराल तर हे दोन्ही मूळच्यापेक्षा मला जास्त आवडले. पोरांना अजून नाही.

१२ ऑगस्ट

दमटपणानं नमुन्याचे पत्ते पन्हाळीसारखे वळले. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा एका बाजूनं गुळगुळीत, दुसरीकडून उघडा. उघडी बाजू पाणी ओढते. छापताना दोन्हीकडून लॅमिनेशन, नाहीतर काही खरं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

बेळगावात छपाई. बारा बाय अठराच्या शीटवर अठरा पत्ते बसतात, म्हणजे दोन शीटला एक संच. यावरून एक कल्पना सुचली होती ती वापरली. पोकेमॉनचा पहिला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानात आला तो एकदम दोन रंगांत, लाल आणि हिरवा. काही प्राणी एकात, काही दुसऱ्यात. सगळे पाहिजेत तर दुसऱ्या रंगवाला मित्र शोधायचा, दोन यंत्रं तारेनं जोडायची आणि अदलाबदल करायची. तो खेळ रचणारे साटोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. त्या तारेतून किडा चालत पलीकडं जातोय असं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं होतं.

आमच्याकडं तार नाही. पण एका पाकिटात आग, पाणी, भूक ही शस्त्रं, दुसऱ्यात भीती, भांडण, नक्कल. एकट्या पाकिटाशी खेळलात तर निम्म्या पत्त्यांची उणीव साधायला हत्यारच नाही. गंडभेरुंड दुसऱ्या पाकिटात, त्याला मारणारेही तिथंच.

आता फजिती. पुढची बाजू सुरेख आली. मागची दोन मिलिमीटर सरकली. मागं मी हौसेनं चौकट दिली होती, बारीक वेलबुट्टीची. ती प्रत्येक पत्त्यावर वेगळी कापली गेली, कुठं डावीकडं जाड, कुठं गायबच. छापणारा म्हणाला, "मॅडम, मशीनला एवढं इकडंतिकडं होतंच." होतं, खरंय. पण मला हे कळायला हवं होतं, धंदाच माझा तो. रात्री घरी चष्मेवाल्यानं चार डाव सलग जिंकले. पाचव्याला मी त्याची नजर पकडली : तो पत्त्यांच्या पाठी वाचत होता. "अक्का, ज्याची डावी पट्टी जाड, ते रक्तबीज."

तो गठ्ठा वाया. नवी पाठ : चौकट नाही, कडेपर्यंत सलग ठिपके. सरकलं तरी कळत नाही. बाजारातल्या पत्त्यांच्या पाठीवर तसली भरगच्च नक्षी का असते, ते वीस वर्षं पत्रिका करून आज समजलं.

२३ ऑगस्ट

दुसरी छपाई आली. पाठी तपासल्या, मग चष्मेवाल्याला तपासायला लावल्या. तो हरला. पास.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गल्लीच्या मंडपात चटई टाकून खेळ मांडला. मंडपात पत्ते काही नवे नाहीत. रात्री जागायला बसलेली थोरली मंडळी रमी खेळतच असतात, आम्ही फक्त त्यांची जागा संध्याकाळी घेतली. एका आजोबांनी कीर्तिमुखाचा पत्ता हातात घेतला, उलटला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "हे राज्य कुणाचं?" रमीचं पानच समजले ते.

३१ ऑगस्ट, रविवार

शेजारच्या गल्लीतली कन्नड शाळेची पोरं आली. पत्त्यांवर नावं मराठीत. सहावी-सातवीतल्यांना हिंदी विषय असल्यानं देवनागरी वाचता येते, धाकट्यांना नाही. मी धास्तावले की आता कुणीतरी म्हणणार, यांच्या भाषेतलं आपल्याला कशाला. पण धाकटे नावाकडं बघतच नव्हते. खुणा बघून टाकत होते. आग, पाणी, तोंड उघडं म्हणजे भूक. एकानं टीसीखार उचलली, ठिणग्यांवर बोट ठेवलं, "चलो ऐती." (छान आहे, म्हणतोय.)

आमच्या बारकीला त्यांच्याकडचा गंडभेरुंड पाहिजे होता. दुसरं पाकीट त्या गल्लीत जास्त गेलंय. तिनं दोन पत्ते देऊ केले, समोरचा नाही म्हणाला. तीन देऊ केले. त्यानं शिट्टीवाघही स्वतःकडंच ठेवून टीसीखार मागितली. बारकी उठून गेली. दहा मिनिटांनी परत येऊन बसली.

पुढच्या छपाईत नावं दोन्ही लिपींत. जागा आहे, आकड्याखाली.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. माडीवर सगळे पेंगलेले.

दुरुस्त्या, पुढच्या वेळेसाठी : गंडभेरुंडाची डावी चोच छपाईत बारीक आलीय. पाणी आणि भूक यांच्या खुणा संध्याकाळच्या उजेडात सारख्या दिसतात, भुकेला दात काढायचे. पाणी–पाणी या घरातला "पूर आलेला बेडूक" कुणालाच नीट कळलेला नाही, त्याच्या जनकालासुद्धा.

बारकीला गंडभेरुंड मिळाला. काय दिलं ते सांगत नाही.

दुपारी कन्नड शाळेतला तो धाकटा एकटाच आला. हातात दाखल्याच्या झेरॉक्सची पाठकोरी बाजू, त्यावर पेनानं काढलेला सहा पायांचा प्राणी. याला पण घ्या म्हणाला. मी विचारलं, शस्त्र? "आग." उणीव? बराच वेळ विचार करून म्हणाला, "चार्जिंग संपतंय." म्हणजे भूक. आग–भूक, ते घर टीसीखारीचं. मी त्याला तक्ता दाखवला, तिच्या घरावर बोट ठेवलं. त्यानं तक्ता गुडघ्यांवर घेतला, पेनचं टोपण तोंडात धरलं आणि खिडकीपाशी जाऊन बसला.